पंधरावी ओळ

मशीन जमिनीवर टेकवण्याआधी रविंद्रदादा चपला काढायचा. ढेकूळ उचलून दोन बोटांत चुरायचा. ओळीचा नंबर आधी तळहातावर लिहायचा, कागदावर नंतर. चहा बशीतूनच प्यायचा. कुणी "काही दिसलं का?" विचारलं की म्हणायचा, "ऐकून राहिलो."

करुणा हे तीन वर्षं बघत आली होती. मराठीत एम.ए. करून ती घरी बसली होती, तेव्हा त्यानं तिला अहवाल लिहायला बोलावलं. "मला आकडे येतात, वाक्य येत न्हाई," म्हणाला होता.

त्याचं रडार बाबागाडीसारखं होतं. लोटत नेलं की खालून लहरी जमिनीत जायच्या आणि दगड, पोकळी, भराव लागला की परत यायच्या. एका ओळीतून जमिनीचा एक उभा काप मिळायचा. हातभर अंतरावर दुसरी ओळ, मग तिसरी. सगळे काप शेजारी मांडले की गाडलेली गोष्ट पडद्यावर उमटायची. पहिल्यांदा एक जुना पाया असा उमटला, तेव्हा करुणानं पडद्यावर बोट फिरवून बघितलं होतं. दादा हसला होता. "पेरताना बापाच्या तिफणीमागं सरळ चालायला शिकलो. तेच विकून खाऊन राहिलो."

गोरेगावजवळच्या एका वाडीत पाण्याची टाकी बांधायची होती. त्याच जागेत मोटेची जुनी विहीर बुजवलेली होती. नेमकी कुठं, ते प्रत्येक म्हातारा वेगळं सांगे. खांब त्या भरावावर आला असता तर टाकी खचली असती. दादानं चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर वीस ओळी आखल्या.

सरपंच उकंडराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. "रविंद्रा, गाडी रिकामीच फिरवून राहिला. लेकरू कुठंय?"

"जमिनीत हाय, तात्या. कधी रडतं ते बघून राहिलो."

चौदा ओळी झाल्या. पडद्यावर विहिरीची अर्धी कड आली. उकंडराव उठून जवळ आले.

"अर्धं गोल हाय म्हंजे बाकीचं बी गोलच असंल. काढ की पेनानं. उद्या खड्डे घ्यायचेत."

"न्हाई, तात्या."

"काहून?"

"एकदा काढलं होतं."

करुणाला ते ठाऊक होतं. पूर्वी दुसऱ्या गावात त्यानं अशीच अर्ध्या कडेवरून विहीर पुरी केली होती. पण तिला एका अंगाला पायऱ्या होत्या, गोलाच्या बाहेर गेलेल्या. त्यांच्यावरच्या भरावात ट्रॅक्टर रुतून उलटला. चालवणारा वाचला, पाय गेला. तेव्हापासून न ऐकलेली रेघ दादानं कधी काढली नाही.

"सकाळी सहा ओळी, मग सही," तो म्हणाला. गाडी पंचायतीच्या खोलीत लावली. "करुणा, अहवालाचं शेवटचं वाक्य मोकळं ठेव."

सकाळी तो आला नाही, फोन आला. झोपेतच गेला होता. त्याला बेचाळिसावं वर्ष चालू होतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी करुणा वाडीत गेली. उकंडरावांनी खड्डे थांबवले होते. ते हळूच म्हणाले, "पोरी, तू रोज त्याच्यासंगं होतीस. तूच दे ते गोल पुरं करून."

तिनं दादाच्या नकाशाचा कागद उघडला. अर्धी कड त्याच्या हातची होती. उरलेली काढायला कंपास पुरला असता.

"न्हाई, तात्या. मशीन चालवणारा दुसरा माणूस बोलवा. तोवर खड्डे घेऊ नका."

लिंबाच्या पलीकडं फक्की शेळ्यांच्या खुरांनी विस्कटली होती. पंधरावी ओळ तेवढी अजून दिसत होती. तिच्या तोंडाशी ढेकळं तशीच होती, न चुरलेली.