विषुवदिनाची तोंडी परीक्षा

थंडीत एकदा दूध गॅसवर ठेवून मी खाली भाजी घ्यायला उतरले आणि शेजारणीशी बोलत उभी राहिले. पातेलं जळलं, घरभर धूर झाला. तेव्हापासून मुलानं माझ्यावर गॅसबंदी लादली आहे. तो आणि सून कामावर गेले की मी दिवसभर थर्मासमधला कोमट चहा पिते. डोकं फिरतं नुसतं.

डॉक्टर त्याला म्हणाले, आईला रोज काहीतरी विचारत जा. मग काय, बूट घालता घालता रोज सकाळी माझी परीक्षा. महिनाभर उत्तरं बरोबर आली तर गॅस परत, असं ठरलं. अंबरनाथच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, आणि माझा परीक्षक कोण, तर ज्याचा शेंबूड पुसून मी त्याला बालवाडीत सोडलं तो.

एकवीस मार्चला त्यानं मुद्दाम सोपा प्रश्न काढला. "आई, आज दिवस मोठा की रात्र?"

"दिवस."

त्यानं सुनेकडे पाहिलं. हे असं पाहणं मला बरोबर कळतं. "अगं, आज दोन्ही सारखे असतात. तूच शिकवायचीस ना?"

आम्ही 'साधारण सारखे' शिकवतो. पोरं 'साधारण' तेवढं गाळून बाकीचं पाठ करतात, आणि घरचीही त्यातलीच निघाली. मी ताटली घेऊन ओट्याच्या कडेमागे धरली. "हा सूर्य. तो काही ठिपका नाही. सकाळी याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो, आणि संध्याकाळी वरचीच कड बुडेपर्यंत मावळला म्हणत नाही. म्हणजे दोन्हीकडून फायदा दिवसाचा. त्यात हवा उजेडाला वाकवते, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाही आपल्याला दिसतो. दिवस मोठा होणार नाही तर काय होईल? खरी बरोबरी सहा-सात दिवसांपूर्वीच होऊन गेली. बघ तुझ्या त्या मोबाइलमध्ये."

त्यानं बदलापूरचा सूर्योदय-सूर्यास्त काढला, वजाबाकी केली, परत केली. "च्यायला, सात-आठ मिनिटं जास्तच आहे की." मग हसला. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून असा हसला. सुनेला म्हणाला, "दे गं आईला लायटर. आज चहा तिच्या हातचा."

तिनं कपाटावर लपवलेला लायटर काढून माझ्या हातात दिला. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

"फक्त वार सांग," तो सहज म्हणाला. "आज वार कोणता?"

मी तोंड उघडलं. सूर्य, हवा, क्षितिज, सगळं डोक्यात लख्ख होतं, वार तेवढा नव्हता. तरी मी वर्गातल्या आवाजात ठणकावून सांगितलं, "गुरुवार."

त्यानं परत सुनेकडे पाहिलं. चूक म्हणाला असता तर मी भांडले असते. तो जवळ आला आणि माझ्या हातातला लायटर हळूच काढून घेतला. मीही घट्ट धरला नव्हता.