अडीचशे टक्के

वालजीकाका डेत्रोजा आमच्या टाइल्सच्या कारखान्यात डिस्पॅचला बसतात. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये जायचा ते काका ठरवतात आणि ड्रायव्हरने हुज्जत घातली तर त्याच्या कानाखालीही काकाच काढतात. दोन्ही कामांत हात बसलेला. चष्म्याचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. एका हमालाने काढलं होतं, तो अजून डाव्या बाजूने गांठिया चावत नाही.

शेठचे चिरंजीव निकुंजभाई हुकूम मेलवर पाठवायला लागले आणि काकांची पंचाईत झाली. अक्षरं खसखशीएवढी. कांडल्याचा माल मुंद्र्याला गेला.

"काका, पुन्हा असं झालं तर घरी आराम करा," निकुंजभाई म्हणाले. घरी काकू आहेत. तिथे आराम कुणाला मिळालेला नाही.

मी शेजारच्या टेबलावर बिलं करतो. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की अक्षरं फुगतात, हे मी दाखवलं. पण पुढची मेल उघडली की पुन्हा खसखस, आणि काकांची टेबलावर बुक्की. शेवटी कोपऱ्यातल्या टक्क्यांवर जाऊन अडीचशे केले आणि 'हेच लक्षात ठेव'वर खूण केली.

"आता कसं माणसासारखं बोलतंय," काका म्हणाले.

एका ओळीत तीन शब्द मावायचे. काकांच्या पाठीमागे खिडकी आहे आणि खिडकीबाहेर ट्रकवाले उभे असतात, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग मेल आली: 'जेसंगला ही शेवटची खेप. माल उतरेपर्यंत त्याला कळू देऊ नका.' जेसंग ट्रकवाला तेव्हा खिडकीशीच तंबाखू मळत होता.

दार लाथेने उघडलं. जेसंगच्या हातात जॅकचा दांडा. "शेवटची खेप काय रे, वालजी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच पाटी लावलीयस की."

काकांनी वळून पडद्याकडे पाहिलं. पहिला ठोसा त्यांनी जेसंगला नाही, मॉनिटरला मारला. मनगट चिरलं. तेवढ्यात दांडा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाखालून ऐकला. काकांनी नमुन्याची टाइल जेसंगच्या कपाळावर फोडली. दोघे काचांत लोळले. जेसंगने कानाचा लचका तोडला, काकांनी त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि दात खाली पडले तरी आपटत राहिले. हमालांनी ओढून काढलं.

"मॉनिटर कुणी फोडला?" निकुंजभाईंनी मला विचारलं.

जेसंगला बोलण्यासारखं तोंड उरलं नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते. मला हमालाचे गांठिया आठवले. "जेसंगने," मी म्हणालो.

नवा मॉनिटर लावायला निकुंजभाई स्वतः आले. कॉम्प्युटरला 'लक्षात ठेव' सांगितलेलं त्याने लक्षात ठेवलं होतं. पडद्यावर तीच मेल, तळहाताएवढी अक्षरं. निकुंजभाईंनी ती वाचली, मग खिडकी बघितली, मग मला. मी बिलात डोकं घातलं.

"काका, उद्यापासून चष्मा लावून या. नाहीतर येऊ नका."

काका चष्मा लावून येतात. अक्षरं शंभर टक्क्यांवर आहेत. अधूनमधून एखादा नवा ड्रायव्हर चष्म्याला हसतो. मग काका चष्मा काढतात, नीट पुसतात आणि सांभाळायला माझ्याकडे देतात. मी खिडकी लावून घेतो.