थोरलीचा राहिलेला पेपर

त्या ऑफिसात बारा टेबलं आणि बायका दोनच. म्हणून एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. नात्याच्या नव्हत्या, पण नावं अशी चिकटली की साहेबसुद्धा तीच हाक मारायचे.

धाकटी अकरा वर्षं इमारतींचे नकाशे काढत होती. जिने, खिडक्या, पाण्याचे पाइप, सगळं तिच्या हातचं. खाली सही मात्र साहेबांची. सही करायची तर आर्किटेक्टचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी सहा पेपर. पाच तिने रडतखडत काढले होते. सहावा, इमारतीच्या सुरक्षेचा, दोनदा हुकला. येत्या खेपेला तो सुटला नाही, तर नियमाप्रमाणे मुदत संपून सगळ्यात आधी सुटलेला पेपरही बाद होणार होता. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

थोरली आता नव्हती. आजाराने तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या आईने, म्हणजे निवृत्त नर्सबाईंनी, मुलीच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली होती: परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या बायकांसाठी, आणि ज्यांच्या समाजातलं कुणी या धंद्यात सहसा दिसत नाही, अशांसाठी. परीक्षेची फी, पुस्तकं आणि दीड महिन्याच्या बिनपगारी रजेची भरपाई. धाकटीचा जीव त्या रजेवरच अडकला होता. नोकरी आणि लहान मूल सांभाळून अभ्यास म्हणजे काय, हे दोनदा नापास होऊन तिला चांगलं कळलं होतं.

अर्जात एक रकाना होता: ‘जिच्या नावाने ही शिष्यवृत्ती आहे, तिच्याशी परिचय असल्यास लिहा.’ तिथे तिचा हात थांबला. बऱ्याच वेळाने तिने एकच शब्द लिहिला: सहकारी.

मुलाखतीचं पत्र आलं आणि तिचं जेवणच सुटलं.

“अगं, विचारून विचारून काय विचारतील?” नवरा म्हणाला. “मन चिंती ते वैरी न चिंती.”

पण त्यालाही सगळं ठाऊक नव्हतं. थोरलीने तिच्याकडून वचनच तसं घेतलं होतं.

झालं होतं ते असं. थोरलीच्या शेवटच्या पेपरची सकाळ. विसरलेला कॅल्क्युलेटर घ्यायला ती ऑफिसात आली, तर जिन्यावर सात महिन्यांची पोटुशी धाकटी भिंतीला टेकून बसलेली, साडी रक्ताने भिजलेली. नवरा परगावी. थोरलीने तिला टॅक्सीत घातलं, हॉस्पिटल गाठलं आणि दुपारपर्यंत दाराशी बसून राहिली. मुलगी वेळेआधी झाली, ओंजळीत मावेल एवढी, पण जगली. पेपर मात्र गेला.

“पेपर काय, पळून चाललाय थोडाच? पुढच्या खेपेला देईन,” थोरली म्हणाली होती. “कुणाला सांगू मात्र नकोस. आमच्या घरी तुला बोल लावतील.”

पुढच्या खेपेला ती स्वतःच हॉस्पिटलात होती.

मुलाखतीच्या खोलीत तिघं बसले होते: एक म्हातारे आर्किटेक्ट, एक प्राध्यापिका आणि नर्सबाई. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेची रुंदी धाकटीने चुकीची सांगितली, मग घाईघाईने सुधारली. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. आता सुटले, असं वाटेपर्यंत नर्सबाईंनी अर्ज पुढे ओढला.

“तू माझ्या मुलीबरोबर होतीस ना? मग एक सांग. शेवटचा पेपर तिला अवघड का गेला? घरी तिने नीट कधी सांगितलंच नाही.”

जरा कठीणच होता हो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“काकू,” धाकटी म्हणाली, “तिने तो पेपर दिलाच नाही.”

आणि मग जिन्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत सगळं सांगून टाकलं.

नर्सबाईंनी अर्ज मिटून बाजूला ठेवला. “तिचे वडील तिला म्हणाले होते, अभ्यास न करता गेलीस की असंच होणार,” त्या म्हणाल्या. “ती खाली मान घालून जेवत राहिली.” एवढं बोलून त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. परत आल्याच नाहीत.

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं घोकत धाकटी घरी आली. पुढचे तीन आठवडे फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. कामात चुका व्हायला लागल्या.

“धाकट्याबाई,” साहेब एक नकाशा उचलून म्हणाले, “हा जिना गच्चीच्याही वर चाललाय. स्वर्गात काही काम निघालंय का?”

सगळे हसले. तीही हसली, आणि मग तोंड धुवायला गेली.

शेवटी पत्र आलं. निवड झाली होती. पण खाली एक ओळ होती: ‘संस्थापिकांनी या अर्जावर मत दिलेले नाही.’ नवऱ्याने पेढे आणायची भाषा केली, तर तिने त्याला गप्प बसवलं. ती ओळ तिला कुसासारखी टोचत राहिली.

दीड महिना ती वाचनालयात जाऊन बसली. परीक्षेला बसली. दोन महिन्यांनी निकाल लागला: पास. काठावर, पण पास.

चार दिवस नुसतं ‘जाऊ की नको’ करण्यात गेले. पाचव्या दिवशी तिने नर्सबाईंची बेल दाबली. दार त्यांनीच उघडलं. धाकटीने निकालाचा कागद पुढे केला. तो त्यांनी दोनदा वाचला.

“मत दिलं असतं, तर ते मायेपोटी झालं असतं की रागापोटी, हे माझं मलाच कळेना,” त्या म्हणाल्या. “म्हणून दिलं नाही. मुलगी केवढी झाली?”

“पाचवं लागलंय.”

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “बस. पेपरात काय काय आलं होतं, पहिल्या प्रश्नापासून सांग. मला त्यातलं कळत नाही, पण सांग.”

धाकटी एकेक प्रश्न सांगत गेली. चौथा चुकला होता, तोही तिने सांगितला.