वारा पश्चिमेचा होता

परभणीच्या स्टेशनावर गाडी लागेपर्यंत दादा माझ्याशी बोलले नाहीत. माझी पत्र्याची पेटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यावर स्वतः बसले आणि फलाटावर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत राहिले. गावचं कुणी आलं, तर ते माझ्याआधी त्यांना दिसायला हवं होतं. सिकंदराबादची गाडी लागली तशी उठले, पेटी बाकाखाली सरकवली आणि म्हणाले, "खिडकीपाशी बसू नको. पूर्णा स्टेशन मागं पडेस्तोवर तोंड बाहेर काढू नको." पोराला परगावी शिकायला धाडणारा बाप असं बोलत नाही. मी शिकायलाच चाललो होतो, पण त्या दुपारी आम्हा दोघांनाही त्याची आठवण नव्हती.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखे निघून कुठं कुठं रुजलात त्यांनाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. मी लेखन शिकायला हैदराबादला गेलो, एवढं तुम्ही ऐकलंत. जावं की नाही यावर दोन महिने का अडलो होतो, ते मी कुणाला सांगितलं नाही.

दादा गावचे पोलीस पाटील. गंगाखेडच्या अलीकडचं आमचं गाव तसं लहान. निजामाच्या राज्यात दादांची शाळा उर्दूत झालेली. उर्दू लिहायचे ते मोत्यासारखं, मराठी वाचायचे अडखळत, पण मराठी लिहायची वेळ आली की कलम खाली ठेवायचे. ठाण्याला रिपोर्ट तर मराठीत द्यावा लागे. म्हणून सातवीत असल्यापासून गावचा प्रत्येक रिपोर्ट मी लिहिला. कुणाला साप चावला, कुणाचा बैल चोरीला गेला, कुणी विहिरीत पडलं. दादा सांगायचे, मी लिहायचो, ते खाली सही करायचे. ठाण्यातले जमादार म्हणायचे, "पाटील, तुमच्या पोराचा कागद वाचला की डोळ्यापुढं उभं राहतं." मला त्याचा गर्व होता.

आमच्या भागातल्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला, तेव्हा मी अकरावीत होतो. गावात आधी काहीच झालं नाही. मग चार दिवस एस.टी. आली नाही. मग गिरणीवाल्यानं बौद्धवाड्यातलं दळण घेणं थांबवलं. पट्टा तुटलाय म्हणाला. आमचं दळण मात्र दळून येत होतं. माझ्या वर्गातला सुभाष त्याच वाड्यातला. तो शाळेत यायचा थांबला आणि मास्तरांनी हजेरी घेताना त्याचं नाव गाळायला सुरुवात केली. नाव पुकारून उत्तराची वाट बघायची, तेही नको म्हणून असेल.

पावसानं उघडीप दिली होती. भर दुपारी बौद्धवाड्यातली सात घरं जळाली. बहुतेक लोक रानात खुरपणीला होते, म्हणून माणूस गेलं नाही. धूर मी आमच्या माळवदावरून पाहिला. तो सरळ वर जात होता, कारण त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. खाली गल्लीतून आठ-दहा जण आले, आमच्या रांजणातल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि पांगले. ते सगळे मला नावानिशी माहीत होते. त्यांतल्या दोघांच्या मांडीवर मी लहानपणी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानतात्या आले. तात्या दादांचे चुलतभाऊ, गावात मोठा ऊस त्यांचाच. कधी आवाज चढवायचे नाहीत. बसले, चहा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लिही बाबा. चुलीची ठिणगी उडाली. तुझ्या हातानं चांगलं उतरतंय."

मी दादांकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होते. "लिही," म्हणाले.

आणि मी लिहिलं. इथं मला थांबून नीट सांगायला हवं. तात्यांनी मला फक्त ठिणगी दिली होती. बाकी सगळं माझं. कुणाची चूल ते लिहिल्याशिवाय खरं वाटणार नाही, म्हणून मी पश्चिमेच्या टोकाचं पहिलं घर धरलं. ते सुभाषच्या आईचं, सोजरबाईचं. तिनं दुपारी भाकरीसाठी चूल पेटवली, असं लिहिलं. कापसाच्या पळाट्या ओल्या असल्यानं तिनं फुंकर घातली, असंही लिहिलं. मग आग पुढच्या घरांवर कशी गेली हा प्रश्न आला, तेव्हा लिहिलं, वारा पश्चिमेचा होता. ते वाक्य सुचलं तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद मला आजही आठवतो, आणि तेवढी एकच गोष्ट मला विसरायला हवी आहे.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सोजर तर काल दिवसभर आपल्या रानात होती," ती म्हणाली. दादांनी कागदाखाली सही केली. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

जमादारांनी रिपोर्ट वाचला आणि सोजरबाईला ठाण्यात नेलं. दोन दिवस बसवून ठेवलं, निष्काळजीपणा केला म्हणून. घरं जाळली गेली असं कुठंच नोंदलं गेलं नाही.

पुढं मी परभणीला बी.ए. केलं. सुभाषचे दाखले त्या आगीत गेले होते, पण खेटे घालघालून त्यानं नवे काढले आणि तोही त्याच कॉलेजात आला. तीन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. तो माझ्याशी बोलायचा. नोट्स द्यायचा, घ्यायचा. माझं लिहिलेलं पान हातात घेतलं की तो ते जरा जास्त वेळ बघायचा, असं मला वाटायचं. मग मीच म्हणायचो, भास आहे.

निकाल लागला त्या उन्हाळ्यात मराठीच्या सरांनी मला घरी बोलावून एक फॉर्म दिला. हैदराबादच्या विद्यापीठात मराठी विभाग होता आणि तिथं एम.ए.ला एक सोय होती. काही पेपरांऐवजी दोन वर्षं स्वतःचं लेखन करायचं, वर्गात वाचायचं, दुरुस्त करायचं आणि तेच परीक्षेला द्यायचं. सर म्हणाले, "तुझ्यासारख्यासाठीच आहे हे." फॉर्मसोबत स्वतः लिहिलेली दहा पानं जोडायची होती.

दादांना कळेना. "लिहिता येतंय की तुला. मग शिकायला कशाला जायलास?" त्यांच्यानंतर मी पोलीस पाटील व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझी भीती वेगळी होती. न शिकता माझ्या हातून जे झालं होतं, ते मी बघितलं होतं. आणखी चांगलं लिहायला शिकलो तर काय करीन? फॉर्म मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. रोज काढायचो, परत ठेवायचो. दहा पानं सोडाच, एक ओळ लिहवत नव्हती.

त्यातच नामांतराचं पुन्हा तापलं. मोर्चे निघायला लागले. एके सकाळी तात्या आले, गंगाखेडहून माझ्यासाठी एक चांगली जाड वही घेऊन. दादा घरी नव्हते. माझ्या पाठीवर हात ठेवून तात्या म्हणाले, "शिकलास, नाव काढलंस. आता कुठं जाऊ नको. गावाला तुझ्यासारखा माणूस लागतो." मग तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "एक कागद तयार करून ठेव. मागच्यासारखाच. तारीख तेवढी मोकळी सोड."

मला समजायला वेळ लागला. "पण तात्या, काय झालंय?"

"अजून काय न्हाई झालं," ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

ती वही मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. अंगणात माय ज्वारी पाखडत होती, कोंबड्या दाणे टिपत होत्या, रस्त्यानं बैलगाड्या चालल्या होत्या. सगळं रोजच्यासारखं, आणि त्या सगळ्यांत एका तारखेएवढी जागा मोकळी.

दुपारी मी बौद्धवाड्यात गेलो. हाकेच्या अंतरावरचा वाडा, पण त्या आगीनंतर मी तिथं पाय ठेवला नव्हता. सुभाष नव्या भिंतीला गिलावा करत होता. मी तात्यांचं म्हणणं त्याला सांगितलं. त्यानं हातातली थापी खाली ठेवली.

"तवाचं बी तूच लिहिलं होतंस ना?"

"हो."

"ठाण्यात माझ्या मायला वाचून दाखवलं, तवा मी शेजारीच होतो. कागद टेबलावर पडलेला. अक्षर वळखू आलं."

"मग पाच वर्षं बोलला का न्हाईस?"

"तू कवा सांगतोस, ते बघायलो होतो," तो म्हणाला. रागानं नाही. मग हात धुऊन म्हाताऱ्या माणसांना बोलवायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले पंधरा जण तहसीलला जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दोन शिपाई आले आणि महिनाभर वाड्याच्या तोंडाशी बाज टाकून राहिले. आग लागली नाही. पण गावाला कळलं, बातमी कुणी फोडली. आमच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर कुणीतरी कापली. गिरणीचा पट्टा आता आमच्यासाठी तुटला. तात्या मात्र भेटले की हसून विचारायचे, "वही भरली का?" एका संध्याकाळी दादा माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तो फॉर्म हाय ना तुझ्याकडं? जा. आता हितं राहू नको." माझा निर्णय असा झाला. मी घेतला असं म्हणवत नाही.

मुदत संपायला चार दिवस होते. दहा पानं मी हैदराबादला पोचल्यावर, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर घेतलेल्या खोलीत लिहिली. त्या आगीची खरी हकिकत, आणि तिच्यात मधोमध माझा तो खोटा रिपोर्ट, आठवला तसा शब्दशः. मुलाखतीला विभागाच्या बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी पानं माझ्यासमोरच वाचली.

"यातला खोटा कागद उत्तम लिहिलाय," त्या म्हणाल्या. "खरं लिहिताना मात्र तुम्ही पळताय. सात घरं जळाली, म्हणता. कुणाची? त्यात काय काय होतं? खोट्यासाठी तुम्हाला वारासुद्धा सुचला. खऱ्यासाठी काहीच सुचलं नाही?"

मी उठायला लागलो. वाटलं, संपलं.

"बसा. म्हणूनच तर यायचं इथं," त्या म्हणाल्या.

लिहिता येतंय तर शिकायला कशाला, या दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. इथं राहून शिकायचं, हे मी त्या खुर्चीत बसून, पहिल्यांदा स्वतः ठरवलं.

दोन वर्षं तीच दहा पानं लिहीत होतो. ती ऐंशी झाली. सात घरांसाठी मी सुभाषला पत्रं लिहून विचारत गेलो आणि तो मोजकं उत्तर पाठवत गेला. छापायची वेळ आली तेव्हा मी दादांना लिहिलं: यात तुम्ही आहात, नको म्हणालात तर थांबतो. दीड महिन्यानं पाकीट आलं. उघडलं तर सगळं उर्दूत. गावात आता ती लिपी वाचणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम केलं असावं. मी खाली दुकानात घड्याळवाल्या गफूरसाबांकडे गेलो. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि हळूहळू वाचलं. पाऊस बरा आहे, मायचा गुडघा दुखतो. मग शेवटची ओळ: "लिखा लडके ने, मगर दस्तखत मेरे थे. ये भी लिखना." गफूरसाबांनी कागदाची घडी घातली. "हाथ बहोत साफ है तुमारे अब्बा का," म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

पुस्तक घेऊन गावी गेलो तो आधी सोजरबाईकडे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. त्या दुपारी ती आमच्या रानात होती आणि मायनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, असं मी लिहिलं होतं. तिनं मला थांबवलं.

"तांब्या हातात न्हाई दिला, लेकरा. तुझ्या मायनं वरून ओतलं, वंजळीत. तसं लिही."

मी त्या ओळीखाली रेघ मारली. खरं लिहायला शिकून आलेल्या माणसानं आपल्या आईसाठी पुन्हा एकदा थोडं रचलं होतं, आणि ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत मी ते बदललं. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, तसंच होतं."

आता हैदराबादेत चाळीस वर्षं होतील. घरात आम्ही अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलतो. माझी मुलगी 'नको'ला 'नक्को' म्हणते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. इथं कुणी मला ओळखत नाही, मी कुणाला भीत नाही, आणि इथल्या कुठल्याही गल्लीबद्दल मला लिहिता येत नाही. आमच्या तिकडच्या विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला, त्या संक्रांतीला मी गावी होतो. बौद्धवाड्यात पेढे वाटत होते. पारावर तात्यांच्या थोरल्या मुलाभोवती माणसं दाटीनं बसली होती. दादांनंतर पोलीस पाटील तोच झाला. मी रामराम घातला. त्यांनीही घातला, सरकून जागा दिली. मग कुणीच काही बोलेना. माझ्या शेजारच्यानं बराच वेळ वाट बघितली आणि विचारलं, "किती दिवस हायस?"

अजून तसंच आहे. मी पोचलो की पारावरचं बोलणं मध्येच तुटतं आणि उठेपर्यंत जुळत नाही. आधी मला ते लागायचं. आता मी मुद्दाम जातो, वर्षातून दोनदा, आणि शक्य तितका वेळ बसून राहतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी तो पार सांगतो.