दोन हात जागा

मागच्या बुधवारी सकाळी मनोज आमच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी गहू निवडत होते. विचारलं, "क्या हुआ?" तर म्हणाला, "भाभी, बच्ची गई…"

मनोज आणि रिंकी आमच्या सहा नंबरच्या खोलीत राहतात. बिहारमधल्या औरंगाबादचे. आम्हाला आधी आपलंच औरंगाबाद वाटलं होतं. तो कॉन्ट्रॅक्टवर प्रेस मशीन चालवतो. मुलगी अडीच महिन्यांची… न्यूमोनिया झाला, चार दिवस शिरूरला दवाखान्यात होती. रिक्षातून टॉवेलात गुंडाळून आणली.

कोरेगाव भीमाच्या पुढे, नगर रोडपासून थोडं आत आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळीकडे ऊस आणि कांदा होता. आता कंपन्या, गोडाऊन, प्लॉट. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी उरलेल्या तुकड्यात भाड्याच्या खोल्या बांधल्या, आम्हीही त्यातलेच. मिस्टर कंपनीत असतात, खोल्यांचं मी बघते.

मनोजनं एवढंच विचारलं, "भाभी, मिट्टी देना है. जगह कहाँ मिलेगी?"

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. माझं माहेर भांडगावकडचं. माझा धाकटा भाऊ आठ दिवसांचा असताना गेला, तेव्हा वडिलांनी आमच्याच बांधावर खड्डा घेतला होता. कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. त्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड आहे…

आधी सासऱ्यांना विचारलं. घरामागं आमचा एक तुकडा अजून मोकळा आहे. आप्पा खाली बघत म्हणाले, "तिथं प्लॉट पाडायचेत गं. उद्या गिऱ्हाईक आलं आन् कुणी सांगितलं, तर कोण घील?"

आप्पा वाईट नाहीत. त्या पोरीला मांडीवर घेऊन तेच ओट्यावर बसायचे. पण ते नाही म्हणाले आणि मी पुढं एक शब्द बोलले नाही. त्या जमिनीत माझ्या नावावर काहीच नाही… हे कारण मी तेव्हा मनाला सांगितलं. आता ते पटत नाही.

मनोजला स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाले. पोर रिंकीजवळ खोलीतच होती.

स्मशानभूमी दोन वर्षांपूर्वी नवीन झाली. शेड, कठडा, खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. खणायला माती म्हणून कुठं नाहीच. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांना फोन केला, म्हटलं कडेला एखादा ब्लॉक काढला तर… ते म्हणाले, "वहिनी, बाहेरच्यांचं एकदा सुरू झालं की थांबत न्हाई. कोण कुठला, कुठल्या समाजाचा, काय म्हायती हाय का आपल्याला?"

गायरानात गेलो, तर निम्म्याला गोडाऊनची भिंत आणि उरलेल्यात कंपन्यांचा भंगार कचरा. नदीवर गेलो. वाळू काढून काढून काठ उभा कापल्यासारखा झालाय. तिथं कुत्री फिरत होती. मनोज त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "यहाँ नहीं, भाभी." एवढंच.

परत येताना बौद्धवस्तीजवळ सोपानमामा दिसले. पूर्वी ते ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडायचे, आता घरीच असतात. रस्त्याकडेला शेळीसाठी पाला तोडत होते. म्हणाले, "काय वं ताई, तिसरी खेप झाली तुमची हितनं. काय झालं?"

मी गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला. "केवढी हुती?" मी म्हटलं, अडीच महिन्यांची. सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आणा. मी पहार काढतो."

त्यांच्या घरामागं थोडीशी जमीन आहे, कडेला एक चिंच. मनोज आणि शेजारच्या खोलीतली दोन पोरं पोरीला घेऊन आली. मामांनी स्वतः खणायला सुरुवात केली. पोरं कुदळ मागत होती, तर ती आधी दिली नाही. खड्डा खोल घ्यायला लावला. घरातून खडेमीठ आणलं. वर दगड रचले आणि बाभळीची फांदी टाकली… कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मी भिंतीजवळ उभी होते.

घरी आले तर रिंकी खोलीत तशीच बसलेली. ब्लाउज दुधानं भिजला होता. मी माझी जुनी साडी फाडली, तिची छाती घट्ट बांधली.

आप्पांनी जेवताना विचारलं, "झालं का?" झालं म्हटलं. कुठं ते त्यांनी विचारलं नाही. ताटात मात्र अर्धी भाकरी तशीच राहिली.

रविवारी रिंकी म्हणाली, एकदा जागा बघायची आहे. घेऊन गेले. ती दगडांजवळ बसली, एक दगड सरकला होता तो नीट केला. मग मला विचारलं, "भाभी, यह ज़मीन इनकी अपनी है न? बेचेंगे तो नहीं?" आमच्याकडे राहून तिनं विकलेल्या जमिनीच पाहिल्यात…

मामांना हिंदी नीट येत नाही, पण एवढं त्यांना कळलं. म्हणाले, "न्हाई पोरी. आमची बी दोन हायत हितं." आणि चिंचेच्या पलीकडं हात केला. तिथं गवतात दगडांचे दोन छोटे ढीग होते.

मामांच्या मंडळींनी रिंकीला उठवलं, घरात नेऊन चहा दिला. मी बाहेरच थांबले. अठरा वर्षं मी या गावात राहते… या माणसानं सोडलेलं पाणी प्यायले, आणि त्याची दोन लेकरं गेलीत हे मला माहीत नव्हतं.