पोस्टमनचा क्लास

अभिनय शिकवणारा हा गृहस्थ स्वतः रंगमंचावर उभ्या आयुष्यात एकच वाक्य बोललाय, हे मी आधीच सांगून टाकतो. "बाई, तुमची तार आहे." एकाच नाटकात, अठरा वर्षं. दुसऱ्या अंकात यायचा, तार द्यायचा, जायचा. नाट्यगृहात त्याला सगळे पोस्टमनच म्हणत. मी तिथला रंगभूषाकार, त्याला मिशी चिकटवायचं काम माझ्याकडे. वाक्य एक, पण आव असा की अख्खं नाटक याच्याच जिवावर चाललंय. एकदा ऐन प्रवेशात त्याला शिंक आली तेव्हा प्रेक्षक हसले, तेवढीच काय ती दाद.

नाटक बंद पडल्यावर त्यानं शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेतली आणि क्लास काढला. भिंतीवर मोठमोठ्या नटांच्या घोळक्यांचे फोटो टांगले, प्रत्येकात कुठेतरी मागे याचं अर्धं डोकं. आठवड्याभरात पोस्टमनचे 'सर' झाले. ज्याला कुणी दुसरं वाक्य दिलं नाही, तो आता पोरांना भूमिका उलगडून दाखवणार! मी रंगपटात बसून पोट धरून हसलो.

आणि नेमकी माझी भाचीच तिथे जाऊन बसली. बहिणीनं मला विचारलं, "क्लास बरा आहे ना रे?" मी म्हटलं, "जाऊ दे की, तेवढीच करमणूक." करमणूक कुणाची, ते काही मी बोललो नाही.

त्याचं असं होतं, की पोस्टमनला वरची कवळी होती. मिशी लावताना तो ती काढून रुमालात ठेवायचा, म्हणून मला ठाऊक. वय वाढलं तशी ती सैल झाली. मग बोलण्याआधी तो हनुवटी वर करायचा, जिभेनं कवळी जागेवर बसवायचा, क्षणभर थांबायचा आणि बोलायचा. वाक्य लांब असलं की मध्येच पुन्हा तेच. पोरांना वाटलं, हाच तो भारदस्तपणा. त्यानं कधी शिकवलं नाही, पण भक्तांना शिकवावं लागत नाही.

महिन्याभरात भाची जेवताना म्हणाली, "आई," हनुवटी वर, जरा थांबली, "मीठ दे." बहीण कौतुकानं बघत राहिली. मी ओळखलं आणि घास कसाबसा गिळला. दुसऱ्या दिवशी रंगपटात नक्कल करून दाखवली, सगळे लोळले. पुढची तीन वर्षं माझी ती नक्कल हातखंडा होती. लोक मागून घ्यायचे.

तिच्या बापाचं औषधाचं दुकान. त्यानं तिला बजावलं होतं, या वर्षात काही झालं नाही तर गुपचूप काउंटरवर बसायचं. अशात आमच्याच नाट्यगृहात नव्या नाटकासाठी ऑडिशन ठरली. भूमिका धाकट्या बहिणीची. भांडखोर पोरगी, एका दमात अकरा वाक्यं बडबडते. पोस्टमन सलग सात दिवस सकाळी सहाला भाचीची तयारी करून घेत होता. ऑडिशनच्या दिवशी तर तिची पाण्याची बाटली सांभाळत मागच्या रांगेत येऊन बसला. जणू राजकन्येला घेऊन आलाय.

त्याच्या क्लासच्या चार पोरी होत्या. पहिलीनं हनुवटी वर केली, थांबली, बोलली. दुसरीनंही तेच. तिसरीच्या वेळी दिग्दर्शक बाईंचा सहायक फिस्सकन हसला. भाची शेवटची. पाठांतर चोख, आवाज खणखणीत, पण अकरा वाक्यांत सात वेळा हनुवटी वर. बाईंनी वही मिटली. "मुली, भांडताना कुणी असं थांबतं का? हे शिकवलं कुणी तुला?"

भाचीनं मोठ्या अभिमानानं मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. पोस्टमननं तोंडावर हात ठेवला होता. त्यानं तो खाली घेतलाच नाही. भूमिका दुसऱ्याच मुलीला गेली.

त्या संध्याकाळी भाची माझ्या घरी आली. क्लासवरूनच आली होती. चहा हातात घेऊन म्हणाली, "सरांनी आज सगळ्यांसमोर कवळी काढून टेबलावर ठेवली. बोबडं बोलत होते. म्हणाले, हा अभिनय नाही, हे माझे दात आहेत. तुम्ही माझे दात शिकलात, चूक माझी. मी आरशासमोर कधी बोलून बघितलं नाही. उद्या पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करू, ज्यांना यायचंय त्यांनी या."

मला राहवलं नाही. आपण किती हुशार आहोत ते दाखवायची खाज जात नाही माणसाची. मी हसून म्हटलं, "कवळी ना? अगं, मी तर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं."

तिनं कप खाली ठेवला. "पहिल्या महिन्यात?"

"तू मीठ मागितलंस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

मी काहीतरी पुटपुटलो. गुरूच्या कामात नाक कशाला खुपसायचं, तुझं मन मोडलं असतं, असलंच काहीतरी. तिनं ते संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"सरांना माहीत नव्हतं, मामा," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

हनुवटी जरासुद्धा वर झाली नाही, कुठे थांबलीही नाही. इतकं स्वच्छ वाक्य मी तिच्या तोंडून तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता ती दिवसभर बापाच्या काउंटरवर असते आणि सकाळी सहाला त्या बोळक्या म्हाताऱ्याकडे जाते. माझ्याकडे येते ती बहिणीचा काही निरोप असला तरच. दारातूनच सांगते आणि जाते.