मोठ्या बाबांचा जबाब

मोठे बाबा मंगळवारी सकाळी गेले. आईचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या कोर्टात होते. हातातली फाइल सोबतच्या वकिलांकडे दिली आणि कारंज्याच्या बसमध्ये बसले. दुपारी आमच्या गावी, धनजला पोचले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी पहिलीत असताना वडील वारले, आणि त्यानंतर आई आणि मी मोठ्या बाबांच्याच घरी वाढलो. मुद्दामच ‘वाढलो’ म्हणते, कारण आईही तेव्हा फार मोठी नव्हती. ते गवंडीकाम करायचे. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. एरवी चुन्या-सिमेंटने माखलेल्या कपड्यांत वावरणारा हा माणूस कुठल्याही कचेरीत जायचं असलं की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि आत शिरल्याबरोबर खुर्ची मागायचा. “सायेब, बसाले खुर्ची हाये का?” बहुतेक वेळा नसायची. मग ते म्हणायचे, “काई हरकत नाई. तुमची खाली झाली का बसतो.” एवढं बोलून टेबलासमोर इतके शांत उभे राहायचे की कारकून स्वतःच उठून कुठून तरी स्टूल आणायचा.

गावातून चालताना आपण बांधलेली भिंत दिसली की ते तिच्यावर थाप मारत. गुरांच्या पाठीवर मारतात तशी. “ही आपली,” एवढंच म्हणत. दुसऱ्या कोणी बांधलेली भिंत आली की काही न बोलता तिच्याकडे बघत पुढे जात, आणि त्या बघण्यावरून कळायचं.

दर वर्षी धम्मचक्र दिनाला ते नागपूरला जात आणि माझ्यासाठी एक पुस्तक आणत. निवड जाडीवरून असे. “पातळ पुस्तक लवकर सरते. मंग तू साऱ्या घराले त्रास देतं.” अशा रीतीने मी सातवीत असताना पाली व्याकरण आणि आठवीत शेळीपालन वाचलं. नववीत त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक आणलं. ते फौजदारी कायद्याचं मराठी भाषांतर होतं. मी ते कादंबरीसारखं वाचून काढलं आणि वकील व्हायचं ठरवलं. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पाय, मी म्हनलं होतं ना, जाड चांगलं असते.”

आमच्या घरात एक शब्द नव्हता. माझे आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले. देव्हाऱ्यातले टाक त्यांनी फडक्यात बांधून नदीत सोडले आणि मुलांना बजावलं की आपल्या जुन्या जातीचं नाव यापुढे कोणी तोंडातून काढायचं नाही. मोठे बाबा तेव्हा लहान होते. त्यांनी वडिलांना शब्द दिला आणि तो पाळला. भांडणात कोणी ते नाव घेऊन हाक मारली, तर ते आवाज न चढवता म्हणत, “त्या नावाचा मानूस इथं राहत नाई. पुढं पाय.”

बारावीनंतर मला नागपूरच्या एका महाविद्यालयात कायद्याला प्रवेश मिळाला. फी आणि वसतिगृह दोन्ही सरकारी शिष्यवृत्तीवर अवलंबून होतं. शिष्यवृत्तीला जातीचं प्रमाणपत्र हवं आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणीही झालेली हवी. बौद्ध कुटुंबांना यात एक जास्तीचा फेरा असतो. धर्मांतराच्या आधी आपण कोण होतो, ते जुन्या नोंदींनी सिद्ध करावं लागतं. आमचे आजोबा शाळेत गेले नव्हते. नोंदच नव्हती. मग वंशावळीचं शपथपत्र करायला घरातला मोठा माणूस म्हणून मोठे बाबा माझ्याबरोबर तहसील कचेरीत आले. अर्थातच पांढऱ्या शर्टात.

“जात?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“बौद्ध.”

“तो धर्म झाला, काका. जात सांगा.”

“जात सोडली.”

“बरं, सोडली ती कोणती?”

“अरे बाप्पा, सोडली तिचं नाव कायले घ्याचं? तुमी सोडलेल्या गावाचं तिकीट काढता काय?”

रांगेतले लोक हसले. खिडकीतला माणूसही हसला, पण कागद पुढे सरकला नाही. शपथपत्रातली जातीची जागा कोरी राहिली आणि पुढे पडताळणीच्या कचेरीने अर्जावर त्रुटी काढली. महाविद्यालयाने मला तात्पुरता प्रवेश दिला होता. ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र आलं नाही तर जागा जाणार होती.

घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. आई भाकरी थापता थापता एकदाच म्हणाली, “दादा, मी तुमाले काई म्हनत नाई. पन पोरगी काल जेवली नाई.” मोठे बाबा ताटासमोर मान खाली घालून बसले होते.

पुरावा अपुरा असला की पडताळणीवाले गृहचौकशी करतात. कचेरीतले अधिकारी घरी येऊन वडीलधाऱ्यांचा जबाब घेतात. आमच्याकडे ते येणार असल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

“त्या कालेजातली लायब्ररी तू पाह्यली?”

“हो.”

“केवढी हाये?”

“आपल्या गावच्या शाळेहून मोठी.”

“साऱ्या शाळेहून?”

“साऱ्या.”

“हं,” म्हणाले आणि उठून गेले.

अधिकारी तरुण होते, उन्हातून मोटारसायकलवर आले होते. मोठ्या बाबांनी त्यांना पाणी दिलं आणि समोर बसले. मूळ गाव कोणतं, भाऊ किती, सोयरे कुठले, पूर्वी घरात कोणते देव होते, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. मग तो प्रश्न आला. आई चहाचे कप घेऊन दारातच थांबली. मोठे बाबा उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि ते नाव स्पष्ट उच्चारलं. मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथे लिहीत नाही.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. “आणखी काही सांगायचंय, काका?”

“हाव. लिहा. हे नाव माह्या बापानं सोडलं. मी त्याले जबान देली होती का हे कदी घेनार नाई. आज पोरीच्या शिक्षनासाठी घेतलं.”

“काका, याला यात रकाना नाही.”

“मंग पानाच्या मांगं लिहा.”

अधिकाऱ्यांनी खरंच पान उलटलं, शब्द न बदलता सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मोठ्या बाबांनी सही केली. त्या अधिकाऱ्यांचं नाव मला आठवत नाही, पण त्यांचे उपकार आठवतात.

ते गेल्यावर मोठे बाबा विहारात जाऊन बसले आणि बऱ्याच वेळाने परतले. आईने ताट वाढलं. जेवायला बसताना म्हणाले, “बापाले सांगून आलो.” त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मुदत संपायच्या आत वैधता आली, शिष्यवृत्ती मंजूर झाली. मला बसमध्ये बसवताना ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, “तिकडं कोनी इचारलं तं डरू नोको, माय. अन् जाड जाड वाचजो.”

मी वाचलं. पाच वर्षं सरकारच्या पैशावर आणि मोठ्या बाबांच्या शब्दावर शिकले. वकिलीची सनद मिळाली तेव्हा ती त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, “एकच पान?”

त्यांचा मुलगा पुण्याला कामाला आहे. त्याची मुलगी यंदा बारावी झाली आणि तिनेही अर्ज केला. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या एकाला वैधता मिळालेली असली की पुढच्यांना तिचा आधार घेता येतो, म्हणून तिने माझ्या प्रमाणपत्राची प्रत जोडली होती. तिचं प्रमाणपत्र परवा आलं. जबाब घ्यायला घरी कोणी आलं नाही.